एकतर्फी प्रेमावरच्या रहस्यकथेत निवेदकाचंच मन फसवं असेल, तर शेवटी वाचकाला फसवलं गेल्यासारखं वाटू नये म्हणून काय करावं?

तुमचा नायक पणजीतल्या ‘मळा’ या जुन्या वस्तीत भाड्याने राहतो, समोरच्या घरातली मुलगी नाहीशी होते, तो तिला शोधत सुटतो आणि शेवटी कळतं की दोघांची ओळखही नव्हती. कथा छान आहे. पण ‘सगळं त्याच्या डोक्यातलं होतं’ एवढ्यावर ती मिटवलीत तर वाचक चिडेल, आणि त्याचं चिडणं रास्त असेल. कोडं सोडवायला त्याच्या हाती तुम्ही काहीच दिलेलं नसेल.

माझं ऐकाल तर नायकाला भास होऊ देऊ नका. त्याला दिसतं ते खरं असू दे, अर्थ तेवढा चुकू दे. क्लेरांबो या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने 1921 च्या सुमारास एका बाईची हकिकत नोंदवली होती. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आपल्यावर प्रेम करतो अशी तिची खात्री होती. ती बकिंगहॅम राजवाड्याबाहेर उभी राहायची आणि खिडकीचा पडदा हलला की तो राजाचा इशारा समजायची. पडदा खरोखरच हलत असणार! या आजाराची मेख अशी की प्रेमाची सुरुवात समोरच्यानेच केली, असं माणूस धरून चालतो. मग नकारही होकारच ठरतो. मुलीने नंबर ब्लॉक केला? घरच्यांच्या धाकाने केला असेल.

आता मळ्यातली खिडकी घ्या. तिथल्या काही जुन्या घरांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आहेत. त्यातून उजेड झिरपतो, चेहरा ओळखू येत नाही. नायक सहज सांगून जाऊ दे, ‘पाऊस आला म्हणून तिने खिडकी ओढून घेतली आणि आतून माझ्याकडे बघून हसली.’ सावली हलली एवढंच खरं, हसू त्याने जोडलेलं. खिडकी शिंपल्यांची आहे हे मात्र आधीच, भलत्याच निमित्ताने येऊन गेलेलं असावं. घरमालकीण ‘ही तावदानं दुरुस्त करणारं कोणी मिळत नाही’ म्हणून कुरकुरते, तेव्हा. चाणाक्ष वाचक तिथेच थबकेल.

क्लेरांबोने या वेडाचे तीन टप्पे सांगितले: आशा, मग हिरमोड, मग आकस. तुमच्या कथेचा सांगाडा यातच आहे. आधी तो तिच्या छत्रीचा रंग टिपेल, नंतर तिच्या येण्याजाण्याच्या वेळा, शेवटी तिच्यासोबत कोण होतं ते. वळण चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला द्या. चवथीला लोक मूळ घरी जातात, दारांना कुलपं लागतात, गोव्यात कोणालाच त्याचं नवल नाही. त्याला मात्र ते कुलूप आपल्या तोंडावर मारलेलं वाटेल.

आणि कृपा करून त्याला खुनी करू नका. असे आजार झालेले बहुतेक लोक कोणाच्या अंगावर जात नाहीत, आणि कथा-सिनेमांनी त्यांची आधीच पुरेशी बदनामी केली आहे. पण तिची भीतीही पुसू नका. ‘ती नाहीशी झाली’ हे त्याचं म्हणणं. घर रिकामं आहे हे खरंच. त्याच्याच जाचाला कंटाळून ती म्हापशाला मावशीकडे राहायला गेली आहे, आणि घरमालकिणीला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिने ते त्याला का सांगितलं नाही, हे वाचकाला कळलं की तुमचं रहस्य सुटलं.