वॉरंटी 2026 पर्यंत, पण तुमची तक्रारीची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपते

प्रश्न: ऑक्टोबर 2023 मध्ये सणासुदीच्या सेलला 65 इंची टीव्ही ऑनलाइन घेतला, 74,990 रुपयांना. 14 ऑक्टोबरला घरी आला. पीएस5 या गेम कन्सोलसाठीच हवा होता म्हणून ‘120 हर्ट्झ, एचडीएमआय 2.1, गेमिंग’ असं लिहिलेला मुद्दाम निवडला. पीएस5 दिवाळीत आला तेव्हा कळलं, की फोर-केमध्ये (पडद्याच्या पूर्ण बारकाव्यात) चित्र 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 चित्रांच्या, वर जातच नाही. विक्रेता म्हणाला, बदलून द्यायचे दहा दिवस संपले. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा ‘सेट ओके’ लिहून गेला. मेहुण्याने दुबईहून व्हीआर हेडसेट आणला, त्याचंही चित्र टीव्हीवर फिकट दिसतं. एक्स्टेंडेड वॉरंटी ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे, म्हणून अजून एकदा तक्रार करून पाहतो आणि नाहीच जमलं तर पुढच्या वर्षी केस करतो. की जीएसटी कमी झालाय तर या दिवाळीत हा टीव्ही एक्स्चेंजला देऊन टाकू? हेडसेटचे पैसेही मागता येतील का? (एक वाचक, सांगली; सप्टेंबर 2025 चं पत्र, संक्षिप्त)

उत्तर: पुढच्या वर्षी तुमच्याकडे केस उरलेली नसेल. टीव्ही 14 ऑक्टोबर 2023 ला घरात आला. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे वादकारण (तक्रारीचं मूळ कारण) घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. ती दोन वर्षं 14 ऑक्टोबर 2025 ला भरतात. हे उत्तर तुम्ही वाचाल तेव्हा हातात फार तर तीन आठवडे असतील आणि त्यात दसऱ्याची सुट्टी आहे.

टीव्हीबद्दलची अशी पत्रं माझ्याकडे नेहमी येतात आणि जवळजवळ प्रत्येकात हीच समजूत असते, की वॉरंटी चालू आहे तोवर तक्रारीचा हक्कही चालू आहे. तुमच्या बाबतीत ही समजूत का चालत नाही, ते नीट समजून घ्या. सगळं त्यावरच अवलंबून आहे.

वॉरंटी म्हणजे चांगली असलेली वस्तू ठरावीक काळात बिघडली तर दुरुस्त करून देण्याचं वचन. उद्या पडद्यावर उभी रेघ आली किंवा पॉवर बोर्ड जळालं, तर ऑक्टोबर 2026 पर्यंत तुम्ही कंपनीला बोलावू शकता आणि त्या बिघाडाची मुदत त्या बिघाडापासून मोजा असं म्हणू शकता. पण तुमचा टीव्ही बिघडलेला नाहीच. तुमच्या पत्रावरून त्याचं पॅनेल मुळात 60 हर्ट्झचं दिसतं, आणि तसं असेल तर ते कारखान्यातून निघाल्या दिवशीही 60 चंच होतं. ‘सेट ओके’ लिहिणारा माणूस त्याच्या परीने खरंच लिहीत होता. तुमची तक्रार अशी आहे, की जे सांगून विकलं ते दिलं नाही. हे ज्या दिवशी घडलं तो दिवस डिलिव्हरीचा. त्यानंतर कुठलाही नवा बिघाड झालेला नाही, त्यामुळे मुदत नव्याने सुरू होण्याचं कारणही नाही.

पीएस5 जोडला तेव्हा, म्हणजे 12 नोव्हेंबर 2023 ला, हे कळलं; मग मुदत तिथून मोजा, असा युक्तिवाद करता येतो. तक्रारीत तो लिहाच. पण त्याच्या भरवशावर एक दिवससुद्धा काढू नका. विरुद्ध बाजू म्हणेल, वस्तू तुमच्या घरात होती, पाहायला कोणी अडवलं होतं? याचं चांगलं उत्तर तुमच्याकडे नाही. कन्सोलसाठी पाऊण लाखाचा टीव्ही घेतलात, तर परत करायच्या दहा दिवसांत कोणाचा तरी कन्सोल आणून एक संध्याकाळ जोडून पाहायला हवा होता. तेवढं केलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

तुम्ही विचाराल: दोन वर्षं मी इमेल करत होतो, तीनदा माणूस बोलावला, तो काळ वजा होणार नाही का? नाही. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध बी. एस. अॅग्रिकल्चर इंडस्ट्रीज या 2009 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल स्पष्ट म्हटलं आहे, की समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी तक्रार मुदतीत आहे का हे ग्राहक आयोगाने स्वतः तपासलंच पाहिजे. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला कलम 69 मध्येच आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं. ‘सर्व्हिस सेंटरने झुलवत ठेवलं’ हे कारण कुठे चालतं, कुठे नाही. तीन आठवडे हातात असताना तो जुगार कशासाठी खेळायचा?

त्यामुळे आधी नोटीस, मग वाट पाहणं, मग तक्रार हा क्रम सोडा. ग्राहक आयोगात जाण्यापूर्वी वकिलाची नोटीस पाठवणं कायद्याने सक्तीचं नाही. पाठवायचीच तर आज इमेलने पाठवा आणि तिच्या उत्तरासाठी थांबू नका. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तुम्ही सांगलीत राहता, म्हणून सांगलीच्या जिल्हा आयोगात दाखल करता येते. विक्रीच्या अटींमध्ये ‘वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात’ असं छापलेलं असतं, त्याला घाबरू नका. कलम 34 तुम्हाला राहत्या जिल्ह्यात तक्रारीचा हक्क देतं. बिलावर ज्याचं नाव आहे तो विक्रेता, टीव्ही बनवणारी कंपनी आणि संकेतस्थळ चालवणारी कंपनी, तिघांनाही सामील करा. संकेतस्थळवाल्यांवर जबाबदारी कितपत येईल ते आज सांगता येत नाही, पण विक्रीची त्या दिवशीची नोंद त्यांच्याकडे आहे, म्हणून ते समोर हवेत.

मुदतीत दाखल झाली तर तक्रारीत दम आहे का? आहे, मात्र ती बरोबर शब्दांत मांडली तर. ‘दहा दिवस संपले’ हे विक्रेत्याचं उत्तर मला पटत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 मधला नियम 6 म्हणतो, की वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये तिच्यात नसतील, तर विक्रेत्याने ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ नये. त्या वाक्यात दहा दिवस कुठेही नाहीत. दहा दिवस हे त्यांचं धोरण आहे, आणि धोरण नियमापेक्षा मोठं नसतं. तक्रारीचा कणा हाच ठेवा.

आता ‘जाहिरातीत सांगितलेलं’ म्हणजे नेमकं काय, इथे जपून. तुमचा सगळा भर ‘एचडीएमआय 2.1 लिहिलं होतं’ यावर आहे, आणि तो शब्द तुम्हाला वाटतो तेवढा मजबूत नाही. एचडीएमआय 2.1 हे टीव्हीला कन्सोल जोडण्याच्या पोर्टचं प्रमाण आहे, आणि त्यातली बहुतेक वैशिष्ट्ये ऐच्छिक आहेत. फोर-के 120 हर्ट्झ न घेणाऱ्या पोर्टलाही त्या प्रमाणाचं नाव लावता येतं; डिसेंबर 2021 मध्ये यावर जगभर बरीच ओरड झाली, तरी प्रमाण तसंच राहिलं. म्हणजे कंपनी शांतपणे म्हणेल, की आम्ही 2.1 लिहिलं ते खोटं नव्हतं. ‘मोशन रेट 120’ असं लिहिलं असेल तर तिथेही हीच गत. 60 च्या पॅनेलवर मधली चित्रं बनवून घालण्याला ते नाव देतात.

तुम्हाला वाचवणारी ओळ दुसरीच आहे आणि ती तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात: बिलावर वस्तूचं नाव ‘65 इंच 4के 120 हर्ट्झ गेमिंग टीव्ही’ असं छापलेलं आहे. विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट तुम्ही ठेवला नाहीत, खोका भंगारात दिलात, पण बिल आहे. जाहिरातीचं पान बदलता येतं, बिल बदलता येत नाही. ‘4के’ आणि ‘120’ एकाच दमात लिहून विकलं, तर सामान्य ग्राहक त्याचा एकच अर्थ घेणार, असं आपण म्हणायचं. कंपनीचं उत्तर मला आत्ताच दिसतंय, कारण जानेवारी 2025 मध्ये आलेल्या माणसाने तुम्हाला तेच सांगितलं: 120 येतं, पण 1080पी वर, म्हणजे फोर-केपेक्षा कमी बारकाव्याच्या चित्रावर. असे टीव्ही आहेत. पॅनेल 60 चं असतं आणि आडव्या ओळी निम्म्या करून 120 दाखवतात. हे त्याच्याकडून लेखी घ्यायला हवं होतं. आता निदान कंपनीला एका ओळीचा इमेल करा: या मॉडेलवर 3840 गुणिले 2160 ला 120 हर्ट्झ चालतं का, हो की नाही? उत्तर आलं तर पुरावा, नाही आलं तर तेही तक्रारीला जोडता येतं.

पुरावा गोळा करताना कंपनीचा सोपा बचाव आधी बंद करा. पीएस5 बरोबर आलेलीच केबल लावा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा एन्हान्स्ड सिग्नल चालू करा. तो बंद असेल तर चांगल्या टीव्हीवरही 120 येत नाही, आणि काही टीव्हींत ही सोय एका-दोन पोर्टवरच असते, म्हणून सगळे पोर्ट तपासा. मग 120 हर्ट्झची सोय असलेला गेम लावून कन्सोलच्या सेटिंगमधलं व्हिडिओ आउटपुटच्या माहितीचं पान उघडा आणि पोर्ट, केबल, पडदा हे सगळं एकाच सलग चित्रीकरणात घ्या. सोबत तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्रही जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला कोर्टाइतकं घट्ट बांधलेलं नाही, पण जोडल्याने नुकसान नाही.

आणि टीव्ही एक्स्चेंजला अजिबात देऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला हे खरं आहे, मोह होणं साहजिक आहे. पण वस्तूत दोष आहे की नाही हे तपासल्याशिवाय ठरवता येत नसेल, तर कलम 38 प्रमाणे आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. टीव्हीच हातात नसेल तर तपासणार काय? नवा घ्यायचा तर घ्या, जुना घरात ठेवा.

हेडसेटचा विषय मात्र तक्रारीतून पूर्ण काढून टाका. तुमच्याकडचा पीएस व्हीआर2 हा हेडसेट कन्सोलला यूएसबी-सीने जोडला जातो, टीव्हीला नाही. त्याचे पडदे त्याच्या आतच आहेत, प्रत्येक डोळ्याला 2000 गुणिले 2040, आणि ते 120 हर्ट्झपर्यंत चालतात. टीव्हीवर दिसतं ते फक्त खोलीतल्या इतरांना काय चाललंय ते कळावं म्हणून. टीव्ही पाच लाखांचा असता तरी हेडसेट घातलेल्याला तेच दिसलं असतं. ही मागणी तक्रारीत घातलीत तर विरुद्ध वकील पहिला तासभर तिच्यावरच बोलेल, आणि तुम्हाला यातलं काही कळत नाही असं चित्र तयार होईल. दुबईच्या खरेदीची वॉरंटी इथे चालते का, हा वेगळा प्रश्न आहे. ज्या दुकानातून घेतला तिथली अट पाहिल्याशिवाय मी त्यावर बोलणार नाही.

एक गोष्ट तुम्ही कंसात लिहिलीत आणि ती कंसातली नाही: बिल मेडिकल दुकानाच्या जीएसटी नंबरवर घेतलंय. ‘ग्राहक नाहीच, व्यापारी कारणासाठी खरेदी’ असा आक्षेप येणार. लीलावती कीर्तिलाल मेहता ट्रस्टच्या 2019 च्या निकालापासून न्यायालयं खरेदीचा मुख्य हेतू काय होता ते पाहतात. टीव्ही दिवाणखान्यात असेल तर आक्षेप टिकू नये. पण त्या बिलावर दुकानाने कराची वजावट घेतली असेल, तर तुम्हीच तो टीव्ही धंद्याचा म्हणून दाखवला आहे. आजच सीएला विचारा आणि जे असेल ते मला खरं सांगा. लपवलेलं सुनावणीत बाहेर येतं तेव्हा सावरता येत नाही.

मिळेल काय? पूर्ण किंमत, व्याज, त्रासाची भरपाई आणि खर्च, सगळं मागा. दोन वर्षं टीव्ही वापरलात म्हणून आयोग काही रक्कम कापू शकतो. किती, याचा अंदाज मी देणार नाही. आणि किती दिवसांत, असं विचाराल तर कायदा म्हणतो तीन महिने, वस्तूची तपासणी लागली तर पाच. हे आकडे वाचून मला दर वेळी राग येतो. जिल्हा आयोगांत अध्यक्षाची किंवा सदस्याची जागा रिकामी पडते, ती महिनोन्‌महिने भरली जात नाही आणि तारखांवर तारखा पडत जातात. विरुद्ध बाजूला उत्तर द्यायला मात्र 30 आणि फार तर आणखी 15 दिवसच मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये ते पक्कं केलं आहे. पंचेचाळिसावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि शेहेचाळिसाव्या दिवशी आयोगाला त्याची आठवण करून द्या.

तिन्ही भेटींची जॉबशीटं गुळगुळीत थर्मल कागदावर असतील तर त्यांवरची अक्षरं उडायला लागलेली असणार. आज रात्रीच त्यांचे फोटो काढा. तक्रार 10 ऑक्टोबरच्या आत पोर्टलवर चढवा, आणि दाखल झाल्याचा क्रमांक आला की मला कळवा.