टाकीत आंबवलेली इंग्लिश स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन कमी दर्जाची असते का?

नाही. तिला शॅम्पेनच्या मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून ती स्टीलच्या बंद टाकीत पुन्हा आंबवतात. सुटणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ शकत नाही, वाइनमध्येच मुरतो. मग थंड करून, गाळून, दाब टिकवूनच बाटल्या भरतात. हिला शार्मा पद्धत म्हणतात. इटलीची प्रोसेक्को ही स्पार्कलिंग वाइन बहुतेक अशीच बनते. शॅम्पेन मात्र बाटलीतच पुन्हा आंबवतात, आणि तिथे महिनोन्‌महिने यीस्टच्या गाळावर राहिलेल्या वाइनला भाजलेल्या पावाचा वास येतो. टाकीत ते होत नाही, द्राक्षाचा स्वतःचा सुगंध पुढे राहतो. म्हणूनच इंग्लंडमध्ये पिकणाऱ्या बॅकस या पांढऱ्या द्राक्षाला ही पद्धत फार शोभते: एल्डरफ्लॉवरची सुगंधी पांढरी फुलं, हिरवं सफरचंद, ताजं गवत! थंड हवेमुळे आंबटपणाही खणखणीत असतो.

पहिल्यांदा घ्यायची तर इंग्लंडमधल्या नॉरफकच्या फ्लिंट व्हिनयार्डची शार्मा रोझे (गुलाबी वाइन) शोधा. लेबलवर ‘इंग्लिश क्वालिटी स्पार्कलिंग’ दिसणार नाही, कारण तो दर्जा बाटलीत आंबवलेल्या वाइनलाच मिळतो. बाटली जपून ठेवू नका, ताजी असतानाच उघडा. ६ ते ८ अंशांवर, नेहमीच्या वाइनच्या ग्लासात, तळलेल्या माशांबरोबर प्या.