केसअमिनो आम्लं घातली आणि इनोसिन घटलं. कोणतं अमिनो आम्ल नडतंय?

प्रश्नातली माहिती एवढीच: बॅसिलस सबटिलिस 168 हा जीवाणू, प्युर-ए (आयएमपीपासून एएमपीकडे नेणारं जनुक) बंद, म्हणून लिटरला 100 मिग्रॅ. अ‍ॅडेनिन. केसअमिनो आम्लं (आम्लाने फोडलेलं केसीन, म्हणजे अमिनो आम्लांचं मिश्रण) घातल्यावर पेशी वाढल्या, इनोसिन उतरलं. वर विचारलंय, ग्लायसिन वेगळं घालू का?

नडत कोणीच नाही. 'अमिनो आम्लांनी इनोसिन दाबलं' हे वाक्य वाचलं की माझं डोकं उठतं. यावरून माझं अनेकांशी वाजलंय. दाबलं अ‍ॅडेनिनने, आणि ते अ‍ॅडेनिन वाचवलं मिश्रणातल्या हिस्टिडीनने.

हिस्टिडीनच्या एका रेणूपायी पेशी एटीपीची अ‍ॅडेनिन रिंग फोडते. उरलेला तुकडा, आयकार, आयएमपीकडे (इनोसिनचं फॉस्फेट रूप) परततो, पण तिथून एएमपीची (अ‍ॅडेनिनच्या न्यूक्लिओटाइडची) वाट तुमच्या स्ट्रेनमध्ये बंद. गेलेलं अ‍ॅडेनिन गेलंच. ई. कोलायच्या पेशीघटकांचे आकडे धरले तर 1 ग्रॅम कोरड्या पेशींना आरएनए-डीएनएसाठी सुमारे 190 मायक्रोमोल अ‍ॅडेनिन लागतं, हिस्टिडीनपायी आणखी 90. तुमचे 100 मिग्रॅ. म्हणजे 740 मायक्रोमोल. आयतं हिस्टिडीन नसेल तर वाढ 2.6 ग्रॅमला अडते, असेल तर 3.9 ला. अ‍ॅडेनिनची टंचाई तेवढी उशिरा येते, आणि टंचाईशिवाय प्युरिन (अ‍ॅडेनिन, इनोसिन ज्या कुळातले) बनवायचा मार्ग मोकळा सुटत नाही.

अ‍ॅडेनिन लिटरला 25, 50, 75, 100, 150 मिग्रॅ. अशा फ्लास्कच्या दोन रांगा लावा: एक नुसती, एक 100 मिग्रॅ. हिस्टिडीनसह. केसअमिनो दोन्हींत नको. ट्रिप्टोफॅन 50 मिग्रॅ., फिल्टर करून. 168 ला ते लागतंच, आणि आम्लाने फोडलेल्या केसीनमध्ये ते उरत नाही. यीस्ट अर्क लांब ठेवा, त्यातून प्युरिन चोरपावलांनी येतं. हिस्टिडीनच्या रांगेत इनोसिनचं शिखर कमी अ‍ॅडेनिनकडे सरकायला हवं. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) 250 नॅनोमीटरला हायपोझँथिनही (इनोसिनमधली साखर काढून उरतं ते) मोजा, नाहीतर फॉस्फोरिलेज एन्झाइमने तोडलेलं इनोसिन 'बनलंच नाही' म्हणून वहीत जाईल.

ग्लायसिनचा अख्खा रेणू प्युरिनमध्ये जातो, म्हणून लोक 1-2 टक्के ओततात. ते पेशीभित्तीत डी-अ‍ॅलानिनच्या जागी बसतं, भिंत कच्ची होते, पेशी फुटतात. ग्लुटामाइन घालायचंच तर ऑटोक्लेव्हमध्ये नको, अमोनिया सुटतो.

हो, सबटिलिसमध्ये अ‍ॅडेनिन डिअमिनेज (अ‍ॅडेनिनचं हायपोझँथिन करणारं एन्झाइम) असतं. ते काढलेलं नसेल तर वरचा हिशेब ढिला पडतो, आणि हायपोझँथिनच्या पीकमध्ये तुम्हीच घातलेलं अ‍ॅडेनिनही मोजलं जातं.