प्रोटीन स्किमरने नायट्रेट कमी होतं का?

थेट नाही. प्रोटीन स्किमर म्हणजे खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीत बारीक बुडबुडे सोडून घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र. नायट्रेट, फॉस्फेट, अमोनिया पाण्यात पूर्ण विरघळलेले असतात. ते बुडबुड्याला चिकटत नाहीत. चिकटतात ती प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, माशांच्या अंगावरचा चिकट स्राव. हे सडण्याआधीच बाहेर गेलं की पुढे नायट्रेट कमी तयार होतं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी केलेल्या मोजमापात स्किमरने एकूण सेंद्रिय कार्बनपैकी (म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीपैकी) साधारण २० ते ३० टक्केच काढला. म्हणून पाणी बदलणं थांबवू नका. दर आठवड्याला १० टक्के बदलाच. प्राणवायू मात्र स्किमर भरपूर मिसळतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फायदा मोठा.

नवा स्किमर पहिले आठ-पंधरा दिवस नीट फेस देत नाही, घाबरू नका. नंतर फेस अचानक बसला तर आधी स्किमरच्या मानेच्या (फेस वर चढतो त्या अरुंद नळीच्या) आतला तपकिरी, तेलकट थर बघा. हा थर फेस फोडतो. दर दोन-तीन दिवसांनी पुसा. मग हवेची नळी: तोंडाशी मिठाचा खडा धरतो, कोमट पाण्याने विरघळतो. पंप दोन-तीन महिन्यांनी निम्म्या व्हिनेगरच्या पाण्यात तासभर चालवा. सम्पमधली (स्किमर ठेवतात त्या जोडटाकीतली) पाण्याची पातळी कंपनीने सांगितलेलीच आणि स्थिर हवी. ती चढली की फेस गोळा होणारा कप ओसंडतो.