ओव्हरहेड प्रेस 42.5 किलोवर अडकलाय. सेट वाढवू की कमी करू?

तुम्ही लिहिलंय, आठवड्यातून दोनदा प्रेसचे, म्हणजे उभं राहून दांडा खांद्यापासून डोक्यावर ढकलायचे, 5 रेप्सचे (एका दमात 5 वेळा) 3 सेट मारताय, पाच आठवडे झाले तरी 42.5 च्या पुढं सरकत नाही, "बाकी सकाळी तालमीत रोज शंभर जोर असतातच." ते 'असतातच' तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण घोळ बहुतेक तिथंच आहे.

मीही हेच केलंय. सकाळी जोर, संध्याकाळी जिम, आणि वहीत फक्त प्रेसचे आकडे. वहीप्रमाणं माझ्या खांद्याची मेहनत आठवड्याला 30 रेप्स. सहा दिवसांचे जोर धरले तर 630! जोरात छाती जास्त राबते हे खरं, पण पुढचा खांदा आणि ट्रायसेप्स दोन्हीकडं तेच. ते काय दोन वेगळ्या वह्या ठेवत नाहीत.

म्हणून सेट वाढवायच्या आधी एक आठवडा उलटं करून बघा. जोर निम्मे, प्रेसचे 3 ऐवजी 2 सेट, वजन मात्र 42.5 च. वजन उतरवू नका. मैदान जवळ आलं की आमचे वस्तादही जोर निम्म्यावर आणायचे. तेव्हा वाटायचं, म्हातारा आळशी झाला. पुढच्या आठवड्यात दांडा झटक्यात वर गेला तर तुम्ही दमलेले होता एवढंच. मग जोर आठवड्यातून तीनच दिवस ठेवा, आणि तेही प्रेसच्या दिवशी नकोत.

काहीच फरक पडला नाही, तर मेहनत कमी पडतेय. ती वाढवायची, पण जड दिवशी नाही. मी असं केलं: सोमवारी 42.5 चा एकच सेट, 5 रेप्स, आणि घरी. गुरुवारी 37.5 वर 5 सेट. एकूण रेप्स पहिल्याएवढ्याच, 30. दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी 6 सेट, तिसऱ्यात 7. चौथ्यात फक्त 3, आणि त्याच आठवड्यात सोमवारी नवीन वजन. ते गेलं की गुरुवारचं वजन थोडं वाढवून परत 5 सेटपासून सुरुवात. दोन सेटमध्ये तीन-चार मिनिटं थांबा. मोबाईलवर वेळ लावा, अंदाजानं नको.

आणि शेवटच्या रेपला कंबर मागं टाकून 'गेलं' म्हणू नका. ऑलिंपिकमध्ये 1972 पर्यंत प्रेस होता, नंतर काढला. लोक इतके मागं वाकायला लागले होते की प्रेस कुठला नि झोपून मारलेला बेंच कुठला, हे पंचांना ठरवणं अवघड झालं होतं. आरशात बघण्यापेक्षा बाजूनं व्हिडिओ काढा.

आता अडीच किलोच्या उडीबद्दल. स्क्वॉटला 100 किलोवर अडीच म्हणजे अडीच टक्के. तुमच्या प्रेसवर तीच उडी जवळजवळ सहा टक्के होते. जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची, त्यामुळं इलाज नाही असं मलाही वाटायचं. पण कोल्हापुरात राहून लोखंडाला कशाला अडायचं? उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्याकडं गेलो. 10 मिमी जाडी, बाहेरचा व्यास 103, मधलं भोक 51. अशी चकती बरोबर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. दोन करून घेतल्या, एका बाजूला एक. 42.5 चे 43.5. भोकाचं माप देण्याआधी तुमच्या जिमचा दांडा व्हर्नियरनं मोजून घ्या. जाड दांडा टोकाला 50 चा असतो, पण बारीक दांड्याच्या जिम अजून बऱ्याच आहेत. कडा घासून घ्यायला सांगा, नाहीतर हात कापतो.

खांद्याच्या आत टोचल्यासारखं दुखत असेल तर यातलं काहीच करू नका, आधी फिजिओला दाखवा.

चकत्या आणल्या तेव्हा आमचा जिमवाला म्हणाला, "बायकोच्या बांगड्या आणल्यास काय रे?" आता संध्याकाळी गेलो की त्या कुणाच्या दांड्यावर आहेत हे आधी शोधावं लागतं.