सोव्हिएत इमारत बघताना आधी तिचं साल विचारा

तुमचा प्रश्न असा, की सोव्हिएत इमारती आणि पुतळे इतके अवाढव्य, करडे आणि धाक बसवणारे का, आणि ही शैली नेमकी कोणाची. सोबत तीन फोटो आहेत: डोंगरमाथ्यावरची काँक्रीटची तबकडी, व्होल्गोग्रादची तलवार उगारलेली बाई आणि मॉस्को विद्यापीठाची मनोरेवाली इमारत.

तबकडी आधी बाजूला ठेवू. ते बुझलुजा, १९८१ सालचं, बल्गेरियातलं. बल्गेरिया सोव्हिएत गोटात होता, सोव्हिएत युनियनमध्ये नव्हता. युगोस्लाव्हियातल्या त्या परग्रहावरून आल्यासारख्या स्मारकांचीही नेटवर अशीच गल्लत होते. युगोस्लाव्हियाचा नेता टिटो आणि स्टालिन यांचं १९४८ मध्येच फाटलं होतं, त्यामुळे त्यांना 'सोव्हिएत' म्हणणं तिथल्या माणसाला फारसं रुचणार नाही.

उरलेले दोन्ही फोटो अस्सल सोव्हिएत. पण विद्यापीठाची इमारत १९५३ ची, तलवारवाली बाई १९६७ ची, आणि मध्ये एक सरकारी ठराव आडवा आहे. तिथे शैली बऱ्याचदा वरून आलेल्या कागदाने बदलायची, म्हणून शैलीचं नाव शोधण्याआधी साल विचारावं.

१९१८ मध्ये लेनिनने क्रांतिकारकांचे पुतळे उभारायचं फर्मान काढलं. देशात यादवी, तिजोरीत खडखडाट, म्हणून त्यातले बरेच चक्क प्लास्टरचे केले आणि ते फार टिकलेही नाहीत. विसाच्या दशकात कन्स्ट्रक्टिव्हिस्ट मंडळींनी, म्हणजे नक्षीकाम टाकून साध्या भौमितिक आकारांत बांधणाऱ्यांनी, धमाल केली. त्यांच्या काळातला वास्तुकार मेल्निकोव याने मॉस्कोत स्वतःसाठी बांधलेलं घर म्हणजे एकमेकांत घुसवलेले दोन दंडगोल, षटकोनी खिडक्यांचे. १९३२ मध्ये कलावंतांचे सगळे स्वतंत्र गट बरखास्त झाले आणि खांब, कमानी, गव्हाच्या पेंढ्या परत आल्या. विद्यापीठाची इमारत त्या वळणाची. मॉस्कोतल्या 'सात बहिणीं'पैकी (ईशान्येतल्या नव्हेत, स्टालिनच्या काळातल्या सात उंच इमारती!) ही सर्वांत उंच, २४० मीटर, १९९० पर्यंत युरोपातही तीच. बांधकामावर कैदीही राबले, हे फोटोत दिसत नाही.

मग ४ नोव्हेंबर १९५५ चा ठराव: बांधकामातला 'अतिरेक' बंद. स्टालिननंतर सत्तेवर आलेल्या क्रुश्चेव्हला घरं हवी होती, कळस नकोत. सात बहिणींपैकीच एक असलेल्या लेनिनग्रादस्काया हॉटेलच्या वास्तुकारांचं स्टालिन पारितोषिकसुद्धा काढून घेतलं. त्यानंतर आल्या प्रीकास्ट पॅनेलच्या, म्हणजे कारखान्यात आधीच ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींच्या, पाच मजली इमारती. त्यापेक्षा उंच गेलं की लिफ्ट लागते, म्हणून पाचच. स्वयंपाकघर साधारण सहा चौरस मीटरचं. आपण त्यांना खुराडी म्हणू, पण एका खोलीत एक कुटुंब आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर अशा घरांतून लोक तिथे आले होते. चाळीत राहिलेल्या माणसाला स्वतःच्या दाराची किंमत वेगळी सांगायला नको.

करडेपणाची तक्रार इथली. पण ताश्कंदला जा. तेच पॅनेल, पण उन्हासाठी जाळ्या आणि आंधळ्या भिंतींवर मोझेक. एप्रिल १९६६ च्या भूकंपानंतर सगळ्या सोव्हिएत प्रजासत्ताकांतून आलेल्या बांधकाम तुकड्यांनी ते शहर नव्याने बांधलं. (त्याच वर्षी जानेवारीत शास्त्रीजी तिथेच गेले, त्यांनी पाहिलेलं ताश्कंद वेगळं होतं.) जॉर्जियाच्या राजधानीतलं, तिबिलिसीतलं, १९७५ चं महामार्ग मंत्रालय तर उतारावर आडव्या पेट्या रचल्यासारखं, जमिनीला जेमतेम टेकलेलं, झाडी खालून जाऊ देणारं. वास्तुकार चाखावा स्वतःच त्या मंत्रालयात वरच्या पदावर, म्हणजे गिऱ्हाईकही तोच! आता तिथे बँक आहे. 'ब्रुटलिस्ट' (उघड्या काँक्रीटच्या, बोजड आकारांच्या) म्हणायचंच तर या पिढीतल्या इमारतींना म्हणा.

आता व्होल्गोग्रादची बाई. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, त्यामुळे माझा जीव तिच्या पोटात अडकतो. शिल्पकार वुचेतिच, पण ती उभी राहिली निकितिनमुळे. विद्यापीठाच्या इमारतीचा पाया आणि सांगाडा ज्याने केला तोच हा इंजिनिअर, म्हणजे तुमचे दोन फोटो नकळत एकाच माणसाचे निघाले. तलवारीच्या टोकापर्यंत ८५ मीटर. आतून पोकळ, काँक्रीटच्या भिंती जेमतेम ३० सेंटिमीटरच्या, आत ताणून बसवलेले पोलादी दोर. पायाला ती बोल्टने जखडलेली नाही, स्वतःच्या वजनावर टेकून उभी आहे. १९६७ मध्येच पुरा झालेला मॉस्कोचा ओस्तान्किनो टॉवरही निकितिनचाच, आणि तिथेही हीच दोरांची युक्ती. तलवारीने मात्र दगा दिला. टायटॅनियमचे पत्रे वाऱ्यात खडखडायला लागले, म्हणून १९७२ मध्ये भोकं पाडलेलं पोलादी पातं बसवलं, वारा आरपार जावा म्हणून.

पण एकच पुतळा निवडायचा तर मी व्होल्गोग्रादचा निवडणार नाही. शिल्पकार वेरा मुखिनाचे कामगार आणि शेतकरीण निवडेन, हातोडा आणि विळा उंचावून निघालेले. जुन्या रशियन सिनेमांच्या सुरुवातीला मॉसफिल्मचं चिन्ह म्हणून तुम्ही ते पाहिलेही असतील. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात सोव्हिएत दालनावर ते उभे होते, बरोबर समोर नाझी जर्मनीचं दालन. सांगाड्यावर स्टेनलेस स्टीलचे पातळ पत्रे, स्पॉट वेल्डिंगने जोडलेले. एवढ्या मोठ्या शिल्पासाठी हे तेव्हा नवलाचं होतं. शेतकरणीच्या उडत्या ओढणीवरून तेव्हा बरीच हुज्जत झाली, पण तीच काढली असती तर दोघं पुढे निघालेत असं वाटलंच नसतं. मॉस्कोत परतल्यावर ते बुटक्या चौथऱ्यावर बसवले, याची खंत मुखिनाला राहिली. उंच बैठक मिळाली ती २००९ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर छप्पन्न वर्षांनी.

मॉस्कोत एखादाच दिवस असेल तर ते दोघं आणि मायाकोव्स्काया हे मेट्रो स्टेशन बघा. १९३८ चं, वास्तुकार दुश्किनचं, छतातल्या घुमटांत चित्रकार देइनेकाची आकाशाची मोझेक. फक्त ऑफिस सुटायच्या वेळी जाऊ नका. मान वर करून थांबलात तर लोक ढकलत पुढच्या गाडीत घालतील.