उपचार संपले, भीती उरली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : केमो-रेडिएशन संपून चार महिने झाले. रिपोर्ट चांगले आहेत. घरचे म्हणतात, "आता सगळं झालं ना, मग रडतेस कशाला?" उपचार चालू होते तेव्हा मी इतकी घाबरत नव्हते.

उपचारांच्या काळात तारखा ठरलेल्या असतात, सतत कोणीतरी तपासत असतं. मग एके दिवशी डॉक्टर म्हणतात, "आता तीन महिन्यांनी या," आणि लक्ष ठेवायचं सगळं काम तुमच्या एकटीवर येऊन पडतं. शिवाय त्या धावपळीत घाबरायलाही सवड नव्हती. त्यामुळे तुमचं हे रडणं मला मुळीच विचित्र वाटत नाही. पण झोप उडाली असेल किंवा फॉलोअपच टाळावासा वाटत असेल, तर मदत घ्या. त्याआधी थायरॉइड तपासून घ्या आणि चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. भीतीसारखी वाटणारी धडधड तिथूनही येऊ शकते.

प्रश्न : कॅन्सरची गाठ परत आली का म्हणून मी दिवसातून पंचवीस-तीस वेळा मान चाचपून बघतो. कॅन्सर झालेल्यांच्या ग्रुपमध्ये बोलून हे थांबेल?

नुसतं बोलून नाही. सपोर्ट ग्रुपमध्ये अनुभव सांगितले जातात, त्याचाही आधार होतोच. ग्रुप थेरपीत मात्र प्रशिक्षित तज्ज्ञ असतो, बहुधा सहा ते दहा माणसं, आठवड्यातून एकदा दीड-दोन तास, ठरावीक आठवडे. आणि घरी करायचा अभ्यास असतो.

तुमच्यासारख्याला वही ठेवायला सांगतात. हात मानेकडे कधी गेला, त्याआधी मनात काय आलं, चाचपल्यावर किती वेळ बरं वाटलं. पुष्कळांच्या वहीत हा शेवटचा रकाना "पाच मिनिटं"च्या पुढे जात नाही. वर सारखं दाबून तीच जागा हुळहुळी होते, मग "दुखतंय" म्हणून पुन्हा हात जातो. हा फेरा स्वतःच्याच अक्षरात दिसला की पुढचं काम सुरू होतं : तपासायचं कधी ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं, एरवी हात शिवशिवला तर आधी दहा मिनिटं थांबायचं, मग वीस.

ग्रुपचा उपयोग इथे होतो. तुम्ही हे सांगितलंत की कोणीतरी म्हणतं, "मी तर त्यासाठी बाथरूमला कडी लावून बसते," आणि सगळे हसतात. घरी यावर कोण हसणार? तिथे डोळ्यांत पाणी तरी येतं, नाहीतर उपदेश तरी मिळतो.

नवी गाठ हाताला लागली आणि दोन आठवड्यांत गेली नाही, किंवा वाढू लागली, तर मात्र ग्रुपच्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : ग्रुपमधल्या कोणाचा कॅन्सर उलटला तर? माझी भीती वाढणारच ना?

वाढेल, काही दिवस. तसं होणारच नाही असं सांगणाऱ्या तज्ज्ञावर माझा विश्वास बसणार नाही. म्हणून नाव घालण्याआधी विचारा की उपचार पूर्ण झालेले आणि आजार पसरलेले लोक एकत्र बसवतात का, आणि अशी बातमी आली तर त्यावर बोलायला वेळ देतात का.

घरी तुमचं वाक्य "परत आला तर..." इथेच तोडलं जातं. "असं अभद्र बोलू नकोस!" ग्रुपमध्ये विचारतात, "तर काय?" मग पैशांचं, मुलांचं, पुन्हा केस जाण्याचं एकेक बाहेर येतं. त्यातल्या काही गोष्टींची तजवीज करता येते, काहींची नाही. हे वेगळं काढणं हेच तर त्या तासाचं काम.

प्रश्न : ग्रुप थेरपीनं आयुष्य वाढतं, असं वाचलं. खरं का?

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या 1989 च्या अभ्यासात, पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या 86 स्त्रियांपैकी ग्रुपमध्ये गेलेल्या स्त्रिया सरासरी जास्त जगल्या होत्या. पुढे 2001 मध्ये कॅनडातल्या 235 स्त्रियांच्या अभ्यासात आयुष्य वाढलं नाही. मनस्ताप आणि वेदना मात्र कमी झाल्या, विशेषतः सुरुवातीला जास्त त्रास असणाऱ्यांच्या. तेवढ्यासाठी जा.

प्रश्न : यांना चार लोकांत बोलायची सवय नाही. गेले तर बोलावंच लागेल का?

नाही. पहिली एक-दोन सत्रं नुसतं ऐकलं तरी चालतं. हे आधीच तज्ज्ञांच्या कानावर घाला, आणि पहिल्या दिवशी दारापर्यंत सोबत जा.